आयर्लंडच्या सशस्त्र लढ्याचा इतिहास सांगताना ‘समजून घेणे’ आणि ‘समर्थन करणे’ यांतली रेघ कुठे काढावी?

वाशिष्ठीकाठ

सर्वांना नमस्कार. मी चिपळूण तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एखाद्या ग्रंथकारावर व्याख्यान होते आणि पुढच्या महिन्यात ती पाळी माझी आहे. बेलफास्टचे इतिहासकार रिचर्ड इंग्लिश यांच्या लेखनावर बोलायचे मी कबूल केले आहे. आयरिश रिपब्लिकन आर्मी (आयआरए) या ब्रिटनविरुद्ध लढलेल्या सशस्त्र संघटनेवरचा त्यांचा ‘आर्म्ड स्ट्रगल’ हा २००३ चा ग्रंथ मी दोनदा वाचला. आयरिश राष्ट्रवादाचा दीर्घ इतिहास सांगणारा ‘आयरिश फ्रीडम’ आणि दहशतवादाने खरोखर काही साधते का हा प्रश्न विचारणारे २०१६ चे ‘डझ टेररिझम वर्क?’ हेही वाचून झाले आहे.

अडचण वाचनाची नाही, मांडणीची आहे. गेल्या बैठकीत विषय जाहीर होताच दोन ज्येष्ठ सभासद एकाच वेळी बोलू लागले. एकांचे म्हणणे असे की आयर्लंडने बंदूक उचलली म्हणूनच तो सुटला, तेव्हा हे सरळ सांगावे, त्यात तोलूनमापून बोलण्यासारखे काही नाही. दुसऱ्यांचे म्हणणे असे की भर बाजारात बॉम्ब ठेवणाऱ्यांची बाजू समजून घेण्याची आपल्याला गरजच काय? दोघांविषयीही मला आदर आहे आणि दोघेही पहिल्या रांगेत बसणार आहेत.

म्हणून तीन गोष्टी विचारते. इंग्लिश यांच्या विवेचनाचा गाभा थोडक्यात सांगायचा तर कोणत्या धाग्याने सांगावा? आपल्याकडे ‘क्रांतिकारक’, ‘दहशतवादी’, ‘अतिरेकी’, ‘जहाल’ असे अनेक शब्द रुळलेले आहेत, त्यांतले कोणते कुठे वापरावेत? आणि कोकणातल्या श्रोत्यांना हा विषय परका वाटू नये यासाठी ओढूनताणून न जोडलेला, खरा असा एखादा दुवा आहे का?

जुनी_पाने

ताई, विषय उत्तम निवडलात. मी अनेक वर्षे महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर रत्नागिरीत असतो. इंग्लिश यांचे लेखन मी बऱ्याच काळापासून वाचत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे हा माणूस दुरून लिहिणारा नाही. त्यांचा जन्म १९६३ चा, बेलफास्टमधला. उत्तर आयर्लंडमधला संघर्ष १९६८-६९ पासून १९९८ पर्यंत चालला आणि त्यात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली, म्हणजे त्यांचे बालपण आणि तारुण्य त्याच काळात गेले. ज्या क्वीन्स विद्यापीठात त्यांनी पुढे दीर्घकाळ शिकवले, त्याच्या आवारात डिसेंबर १९८३ मध्ये कायद्याचे एक तरुण अध्यापक, जे युनियनवादी (म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावे असे मानणाऱ्या) पक्षाचे निर्वाचित प्रतिनिधीही होते, आयआरएच्या गोळीने ठार झाले होते. अशा ठिकाणी बसून आयआरएचा इतिहास लिहायचा, माजी सदस्यांच्या मुलाखती घ्यायच्या, त्यांचे अंतर्गत कागद वाचायचे, आणि तरीही त्यांना राक्षस किंवा देवमाणूस ठरवायचे नाही, ही साधना आहे. श्रोत्यांना हे आधी सांगा. नाहीतर ‘समजून घेणे’ हा शब्द त्यांना आरामखुर्चीतला वाटेल.

आता गाभा. माझ्या वाचनाप्रमाणे इंग्लिश तीन प्रश्न एकमेकांत मिसळू देत नाहीत: माणसांनी शस्त्र का उचलले, त्या शस्त्राने काय साधले, आणि ते उचलणे योग्य होते का. आपण बोलताना या तिन्हींची एकच मोळी बांधतो. ज्याला लढा योग्य वाटतो, तो ‘यश आलेच’ असे गृहीत धरतो. ज्याला तो अयोग्य वाटतो, तो ‘माथेफिरू होते’ म्हणून कारणांचा शोधच थांबवतो. तुमच्या वाचनालयातल्या दोन्ही ज्येष्ठांकडून नेमके हेच झाले आहे.

पहिल्या प्रश्नाबाबत त्यांची भूमिका स्वच्छ आहे. आयआरएमध्ये गेलेली बहुतेक माणसे वेडी किंवा जन्मजात क्रूर नव्हती. त्यांची कारणे होती आणि त्यांतली काही खरी होती. १९६० च्या दशकात उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिकांना घरवाटपात, नोकऱ्यांत आणि स्थानिक मतदानात भेदभाव सोसावा लागत होता. ऑगस्ट १९६९ मध्ये बेलफास्टमधल्या कॅथलिक वस्त्यांतली घरे जाळली गेली. पाठोपाठ राज्यसंस्थेने एकामागून एक घोडचुका केल्या. ऑगस्ट १९७१ मध्ये खटल्याविना स्थानबद्धता सुरू केली, तीही आरंभी केवळ एकाच समाजावर. आणि ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात लष्कराने नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडून १३ निःशस्त्र माणसे मारली, चौदावा जखमी नंतर गेला. त्यानंतर आयआरएला भरतीसाठी कोणाच्या दारात जावे लागले नाही. ते एकच वर्ष असे होते की त्यात पाचशेच्या जवळपास बळी गेले.

दुसऱ्या प्रश्नासाठी त्यांनी २०१६ च्या ग्रंथात एक मोजपट्टी तयार केली आणि ती अल-कायदा, आयआरए, हमास आणि बास्क प्रदेशातली एटा अशा चार संघटनांना लावली. पूर्ण यश म्हणजे मूळ ध्येय गाठणे. त्याखाली अंशतः यश: ध्येयाचा काही भाग, किंवा सूड घेणे व प्रतिकार जागता ठेवणे अशी दुय्यम उद्दिष्टे, किंवा निदान सार्वजनिक चर्चेचा विषय आपल्या हातात ठेवणे. त्याखाली डावपेचातले यश: एखादा हल्ला पार पडणे, प्रसिद्धी मिळणे, संघटना मजबूत होणे. आणि सर्वांत शेवटी, लढ्यात असण्यातूनच माणसाला मिळणारे काही: मानमरातब, सोबत, आयुष्याला आलेला अर्थ.

ही मोजपट्टी नुसती सांगितली तर श्रोते जांभया देतील, म्हणून एक प्रसंग सुचवतो. आपल्याकडे सर्वांना माहीत असलेले लॉर्ड माउंटबॅटन, भारताचे शेवटचे व्हाइसरॉय, यांचा मृत्यू २७ ऑगस्ट १९७९ रोजी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मुलाघमोर या छोट्या बंदराजवळ झाला. सकाळची वेळ होती, समुद्र शांत होता, आणि शेवंडांसाठी लावलेले सापळे पाहायला ती लाकडी नाव धक्क्यापासून थोडीच दूर गेली होती. आदल्या रात्री तिच्यात बॉम्ब लपवला गेला होता. माउंटबॅटन यांच्यासोबत त्यांचा १४ वर्षांचा नातू मेला आणि सुटीत नावेवर काम करणारा १५ वर्षांचा एक मुलगाही. जखमी झालेल्या वृद्ध नातलग बाई दुसऱ्या दिवशी गेल्या. त्याच दिवशी वॉरनपॉइंट येथे १८ ब्रिटिश सैनिक मारले गेले. डावपेचाच्या पायरीवर मोजले तर आयआरएला याहून मोठा दिवस क्वचितच लाभला असेल. जगभरच्या वर्तमानपत्रांनी पहिले पान दिले. पण ब्रिटन उत्तर आयर्लंडमधून एक पाऊलही मागे सरला नाही, आणि ज्या दहा लाखांच्या आसपास युनियनवादी लोकांना संयुक्त आयर्लंडमध्ये आणायचे होते, त्यांच्या मनाचे दार आणखी घट्ट बंद झाले. इंग्लिश यांचा ‘आर्म्ड स्ट्रगल’मधला मुख्य आक्षेप हाच आहे. ज्यांची संमती मिळाल्याविना ध्येय अशक्य होते, त्यांच्यावरच शस्त्र चालवले गेले.

आणि म्हणून १९९८ चा गुड फ्रायडे करार आयआरएचे यश मानायचा का, या प्रश्नाला ते सोपे उत्तर देत नाहीत. करारात सत्तेची वाटणी आहे, समानतेची हमी आहे, कैद्यांची सुटका आहे. आयआरएशी जोडलेल्या शिन फेन पक्षाला मंत्रिमंडळात जागा मिळाली. पण उत्तरेतल्या बहुसंख्येची संमती असेपर्यंत तो प्रदेश ब्रिटनमध्येच राहील हे तत्त्वही त्यातच आहे, आणि नेमके तेच तत्त्व आयआरएने तीस वर्षे धुडकावले होते. सत्तावाटणीची अशीच एक योजना डिसेंबर १९७३ मध्ये सनिंगडेल येथे ठरली होती. आयआरएने ती नाकारली, आणि मे १९७४ मध्ये युनियनवादी कामगारांच्या संपाने ती मोडून पडली. मधल्या चोवीस वर्षांतल्या थडग्यांचा हिशेब कोणाच्या खात्यावर लिहायचा हा प्रश्न श्रोत्यांसमोर ठेवा आणि क्षणभर गप्प बसा.

तिसरा प्रश्न, नैतिकतेचा, इंग्लिश टाळत नाहीत. पण पहिले दोन नीट सुटल्याखेरीज तिसऱ्याला हात घालत नाहीत. शब्दांविषयी उद्या लिहितो, आज हात थकला.

सुरूबन

वरचे वाचून राहवले नाही. मी श्रीवर्धन तालुक्यातला, दर्यावर पोट असलेल्या घरातला. ताई, तुम्ही खरा दुवा विचारला आहे. तो आमच्या दाराशी आहे आणि आम्हाला तो नकोसा आहे.

जानेवारी १९९३ मध्ये दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीच्या किनाऱ्यावर जी शस्त्रे व जे आरडीएक्स उतरले, त्यातूनच १२ मार्चला मुंबईत दोन-अडीच तासांत एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. मी तेव्हा नववीत होतो. आमच्याकडे रात्री समुद्रावर बत्त्या हलताना दिसल्या की घरची मोठी माणसे खिडकी लावून घेत. चांदी उतरत असेल, घड्याळे उतरत असतील, कोणाची ते विचारायचे नाही, ही शिकवण लहानपणापासूनची. त्या वर्षीही खिडकी लावली गेली. मार्चनंतर आमची आई ओटीवर बसून एकच वाक्य म्हणत असे, ‘आपण खिडकी उघडली असती तर?’ तिला कोणी उत्तर दिले नाही. पुढे शिक्षणासाठी मुंबईत खोली शोधताना मी गावाचे नाव सांगितले की घरमालकाचा चेहरा बदले. दोन ठिकाणी खोली नाकारली गेली. त्यानंतर मी नुसते ‘श्रीवर्धनकडचा’ असे सांगू लागलो.

हे सांगण्याचे कारण असे की इंग्लिश यांचे २००९ चे पुस्तक, दहशतवादाला प्रतिसाद कसा द्यावा यावरचे, मी या अनुभवाच्या बाजूने वाचले. त्यात त्यांनी सात सूत्रे दिली आहेत: दहशतवाद पूर्णपणे नाहीसा होणार नाही हे मान्य करून जगायला शिकावे, शक्य तिथे मुळाशी असलेला प्रश्न सोडवावा, प्रतिसादाचे लष्करीकरण टाळावे, गुप्तवार्ता हे सर्वांत मोलाचे साधन मानावे, कायद्याची चौकट सोडू नये, सुरक्षा, पैसा आणि तंत्रज्ञान यांबाबतचे उपाय एकमेकांशी जोडून घ्यावेत, आणि जनतेसमोर बोलताना आपली विश्वासार्हता गमावू नये. कागदावर ही सूत्रे साधी वाटतात. पण गुप्तवार्तेचे सूत्र घ्या. गुप्तवार्ता आकाशातून पडत नाही. ती खिडकीमागच्या माणसाकडे असते. तो माणूस बोलेल की नाही हे त्याचा पोलिसावर, कस्टमवर विश्वास आहे की नाही यावर ठरते. शेखाडी प्रकरणात कस्टम आणि पोलीस दलातल्याच काही जणांना न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा दिल्या. मग खिडकी उघडून आमच्या आईने सांगायचे तरी कोणाला होते?

उलट उदाहरणही आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये ते दहा जण रबरी होडीतून मुंबईच्या मच्छीमार वस्तीत उतरले, तेव्हा त्यांना सर्वांत आधी हटकले ते तिथल्याच कोळी लोकांनी. त्यानंतर आम्हा मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, सागरी पोलीस ठाणी वाढली, ‘सागर कवच’ नावाचे सराव होऊ लागले. त्या सरावात भरतीच्या वेळी आमच्या होड्या अडवून कागद तपासतात. मासळी उतरवायला उशीर होतो, बर्फ वितळतो, पण मला त्याचा राग नाही. राग तेव्हा येतो जेव्हा तपासणारा माणूस आडनाव वाचून आवाज बदलतो. जुनी_पाने यांनी १९७१ च्या स्थानबद्धतेविषयी जे लिहिले आहे, ते मला इतिहास म्हणून वाचताच आले नाही.

आणि एक स्पष्ट सांगतो. समजून घेणे याला माझी हरकत नाही. पण १२ मार्चला शेअर बाजाराच्या तळघरात बॉम्ब ठेवणारा आणि १८९७ साली पुण्यात गोळी झाडणारा यांना एकाच ओळीत बसवले तर मी व्याख्यानातून उठून जाईन.

वाशिष्ठीकाठ

सुरूबन, आपण जे लिहिले ते वाचून बराच वेळ काही सुचले नाही. आपल्या आईंचा प्रश्न मनातून जात नाही. आपली हरकत मी लिहून ठेवली आहे.

जुनी_पाने सर, ‘बंदूक उचलली म्हणूनच सुटला’ म्हणणाऱ्या माझ्या सभासदांचा आक्षेप मात्र अजून शिल्लक आहे. त्यांचा भर १९७० नंतरच्या काळावर नाही, १९१६ ते १९२१ वर आहे. त्या वेळी तरी बंदुकीनेच काम झाले ना?

दीपमाळ

या मुद्द्यावर मला त्या सभासदांची बाजू काही अंशी घ्यावीशी वाटते, कारण इंग्लिश यांच्या विवेचनाने माझे इथे पूर्ण समाधान होत नाही.

होमरूलचा, म्हणजे आयर्लंडला अंतर्गत स्वराज्य देणारा, कायदा ब्रिटिश संसदेने सप्टेंबर १९१४ मध्ये संमत केला आणि महायुद्ध संपेपर्यंत स्थगित ठेवला, हे खरे. सनदशीर मार्गानेही पुष्कळ मिळत होते असा युक्तिवाद त्यावरूनच होतो. पण त्याआधी काय घडले ते पाहा. होमरूल नको म्हणून उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या युनियनवाद्यांनी स्वयंसेवक दल उभारले आणि एप्रिल १९१४ मध्ये लार्न बंदरात हजारो रायफली गुपचूप उतरवल्या. सरकारने त्यांना हात लावला नाही आणि वाटाघाटींत त्यांच्यासाठी वेगळी तरतूद काढण्याची भाषा सुरू झाली. म्हणजे हिंसेच्या धमकीने काम होते हा धडा आयर्लंडमध्ये पहिल्यांदा कोणी शिकवला असेल, तर तो साम्राज्यनिष्ठांनी. पुढे डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत शिन फेनने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या, डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवली, आणि ब्रिटनने तिला बेकायदा ठरवले. मतपेटीने दिलेला कौल इतक्या उघडपणे बाजूला सारला जात असेल, तर बंदूक अनावश्यक होती हे म्हणणे आज खुर्चीत बसून सोपे आहे.

आपल्याकडच्या लोकांनी आयर्लंडकडे डोळे लावले ते उगाच नाही. लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापन केली ती एप्रिल १९१६ च्या अखेरीस, बेळगावात, म्हणजे डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा सशस्त्र उठाव चालू होता त्याच सुमारास. आणि तो शब्दही आयर्लंडचाच. १९२९ साली जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर लाहोरच्या तुरुंगात गेले, तेव्हा कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅक्स्विनी, जे १९२० मध्ये ७४ दिवसांच्या उपोषणानंतर गेले होते, त्यांच्या कुटुंबाने शोकसंदेश पाठवला. चितगावच्या शस्त्रागारावर छापा घालणाऱ्यांनी १९३० साली आपल्या दलाला ‘इंडियन रिपब्लिकन आर्मी’ असेच नाव दिले होते आणि दिवसही गुड फ्रायडेचा निवडला होता. या माणसांना एका मोजपट्टीने मोजताना माझा हात थोडा कापतो.

जुनी_पाने

दीपमाळ यांचा आक्षेप वजनदार आहे आणि लार्नचा मुद्दा तर व्याख्यानात यायलाच हवा. इंग्लिश यांनीही युनियनवाद्यांची हिंसा किंवा राज्यसंस्थेची हिंसा कुठे झाकलेली नाही. १९१६ च्या उठावाने जे केले त्याहून अधिक उठावानंतरच्या फाशी-गोळ्यांनी केले, हे तर सर्वमान्य आहे: मे १९१६ मध्ये पंधरा पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या, ऑगस्टमध्ये सर रॉजर केसमेंट यांना लंडनमध्ये फाशी दिले, आणि जी डब्लिनची जनता उठाववाल्यांवर चिडलेली होती तीच त्यांच्या बाजूला वळली.

पण १९१९ ते १९२१ चे यश मोजताना पुढची दोन वर्षे वगळता येत नाहीत. डिसेंबर १९२१ च्या तहाने २६ परगण्यांना स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळाला, सहा परगणे वेगळे राहिले, आणि त्या तहावरून जून १९२२ मध्ये कालचे सहकारीच एकमेकांवर तोफा डागू लागले. त्या यादवी युद्धात स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने आपल्याच ७७ प्रजासत्ताकवाद्यांना गोळ्या घालून मारले. हा आकडा ब्रिटिशांनी आधीच्या लढ्यात दिलेल्या देहदंडांपेक्षा मोठा आहे. अल्स्टरचा प्रश्न बंदुकीने त्या वेळीही सुटला नाही. ‘बंदुकीने काम झाले’ हे वाक्य तुमच्या सभासदांना बोलू द्या, ताई. फक्त ‘कोणते काम?’ एवढे त्यांना विचारा.

हात कापण्याविषयी म्हणाल, तर तो कापायला हवाच. इंग्लिश यांनी १९९८ मध्ये अर्नी ओमॅली यांचे चरित्र लिहिले. ओमॅली हा वैद्यकीचा विद्यार्थी, १९१६ च्या उठावाने पेटलेला, पुढे आयआरएचा सेनानी, यादवीत गंभीर जखमी होऊन पकडला गेलेला, तुरुंगात पुस्तकांत बुडालेला, आणि अखेरीस आयरिश क्रांतीचे सर्वांत सुंदर आत्मकथन लिहून गेलेला माणूस. ते चरित्र वाचताना लेखकाचे आपल्या नायकावर प्रेम आहे हे पानोपानी जाणवते, आणि त्याच्या राजकारणाशी तो सहमत नाही हेही तितकेच जाणवते. ही दोन्ही एकाच वाक्यात कशी राहू शकतात ते पाहायचे असेल तर तेच पुस्तक हाती घ्या.

आता शब्द. ‘क्रांतिकारक’ हा शब्द ध्येयाचे नाव सांगतो आणि ‘दहशतवाद’ हा शब्द साधनाचे, म्हणून दोन्ही एकाच माणसाला लागू शकतात किंवा एकही लागू नये असेही होऊ शकते. मी ‘दहशतवादी’ हे विशेषण माणसाला न लावता कृत्याला लावतो. नागरिकांत भीती पसरवून तिसऱ्याच कोणाला वाकवायचा हेतू असेल तिथे ते लावावे. सुरूबन यांची हरकत इथेच सुटते असे मला वाटते. १८९७ साली रँडवर गोळी झाडणाऱ्यांनी एक नेमका अधिकारी हेरला होता, जरी त्या रात्री आयर्स्ट हा दुसराही अधिकारी मेला. १९९३ च्या बॉम्बला तर कोणीही चालणार होते. ‘जहाल’ हा शब्द मात्र आयआरएसाठी कृपया वापरू नका. आपल्याकडे जहाल म्हणजे राजकारणातली तीव्रता, हातातली बंदूक नव्हे. आयर्लंडमध्ये ‘राष्ट्रवादी’ म्हटले की त्यात एसडीएलपीसारखा हिंसेला ठाम विरोध करणारा पक्षही येतो, आणि उत्तरेतल्या राष्ट्रवादी मतदारांचा मोठा हिस्सा संघर्षाच्या बहुतेक वर्षांत त्याच पक्षामागे होता. शिन फेनने त्याला ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मागे टाकले ते २००१ मध्ये, बंदुका थंडावल्यावर. म्हणून आयआरएला ‘सशस्त्र प्रजासत्ताकवादी’ म्हणावे.

कोकणचा आणखी एक दुवा, जो सुरूबन यांच्या दुव्याइतका जिव्हारी लागणारा नाही, पण तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर त्यातच आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर, ज्यात दोन निरपराध इंग्रज स्त्रिया मेल्या होत्या, मे आणि जून १९०८ मध्ये ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख छापले. बॉम्ब का फुटला याची कारणे सांगणे आणि नुसत्या दडपशाहीने तो थांबणार नाही असे बजावणे, हा त्यांचा आशय. सरकारने कारणमीमांसेलाच चिथावणी ठरवले. खटल्यात टिळक दिवसेंदिवस स्वतः बोलत राहिले आणि आपल्या मराठी शब्दांचे इंग्रजी भाषांतर चुकीचे केले आहे हे दाखवत राहिले. शिक्षा सहा वर्षांची झाली आणि त्यांना मंडालेला पाठवले. (मंडालेचा राजा थिबा त्या वेळी रत्नागिरीत कैदेत होता, साम्राज्याने माणसांची अशी अदलाबदल केली, हे आठवले की मला अजून अस्वस्थ व्हायला होते.) इंग्लिश आयर्लंडविषयी जे करतात तेच करण्याचा तो प्रयत्न होता, फरक एवढाच की इतिहासकाराला ग्रंथालय मिळाले आणि टिळकांना तुरुंग.

जाता जाता, ‘सिन फेन’ असे न म्हणता ‘शिन फेन’ म्हणा. अर्थ ‘आपण स्वतः’. आपल्या वंगभंगाच्या आणि स्वदेशीच्या वर्षीच, १९०५ मध्ये, आर्थर ग्रिफिथ यांनी ती स्थापली तेव्हा तिचा बंदुकीशी संबंध नव्हता. १९१६ च्या उठावाला वर्तमानपत्रांनी आणि सरकारने चुकून ‘शिन फेनचे बंड’ म्हटले, आणि त्या चुकीच्या नावानेच पक्ष मोठा झाला.

वाशिष्ठीकाठ

मनापासून आभार, सर, दीपमाळ, आपलेही. सुरुवात मुलाघमोरच्या नावेपासून करायची असे ठरवले आहे, कारण शेवंडांचे सापळे म्हणजे काय हे आमच्या सभागृहात कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. लार्न आणि १९१८ ची निवडणूक दीपमाळ यांनी मांडली तशीच मांडीन, त्याला लागूनच १९२२ ठेवीन, आणि टिळकांचे अग्रलेख शेवटी घेईन.

सुरूबन, शेखाडीवर मी एक परिच्छेद लिहिला आहे. त्यात आपले नाव नाही, गाव नाही. फक्त खिडकी आहे आणि ओटीवर बसलेली एक बाई आहे. तो आपल्याला खासगी संदेशातून पाठवला आहे. आपण आणि आईंनी वाचून हो म्हटल्याशिवाय मी तो वाचनालयात वाचणार नाही.

सुरूबन

आई आता नाही. मी वाचला. वाचा.